संसाधनमुक्तीचा प्रश्न : असमकालिक प्रोग्रॅमिंगच्या इतिहासाचे एक अवलोकन

प्रास्ताविक

संगणकशास्त्राचा इतिहास बहुधा वाढीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्राचा वेग किती वाढला, स्मृती किती विस्तारली, जाळे किती दूरवर पसरले, यांच्या नोंदी त्यात ठळकपणे येतात. प्रोग्रॅमने कामासाठी घेतलेली वस्तू परत केव्हा करावयाची आणि ती परत करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र अशा लेखनात तळटिपेपलीकडे फारसा जात नाही. वस्तुतः गेल्या सहा दशकांत प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये जे महत्त्वाचे फेरबदल झाले, त्यांपैकी अनेकांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

उघडलेली फाइल, डेटाबेसशी साधलेली जोडणी, सामायिक माहितीला लावलेले कुलूप, स्मृतीतील राखून ठेवलेली जागा, ही सर्व संसाधने होत. त्यांची संख्या मर्यादित असते. लिनक्स प्रणालीत एका प्रक्रियेला एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइलींची प्रारंभिक मर्यादा सर्वसाधारणपणे १,०२४ असते आणि जाळ्यावरील प्रत्येक जोडणीही याच हिशेबात धरली जाते. प्रत्येक विनंतीमागे एक जोडणी बंद करावयाची राहून गेली, तर सुमारे हजार विनंत्यांनंतर तो सर्व्हर नव्या ग्राहकाला दार उघडू शकत नाही. चूक पहिल्याच विनंतीत झालेली असते. तिचे फळ मात्र हजाराव्या ग्राहकाच्या पदरात पडते. कारण आणि परिणाम यांच्यातील या अंतरामुळेच हा दोष चाचणीत सापडत नाही आणि प्रत्यक्ष वापरात भोवतो.

समकालिक प्रोग्रॅममध्ये एक काम पुरे झाल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही. असमकालिक प्रोग्रॅम मात्र उत्तराची वाट पाहात बसत नाही. तो हातातील काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घेतो आणि उत्तर आल्यावर पहिल्याकडे परततो. संसाधन घेणे आणि सोडणे या दोन क्रियांच्या मध्ये येथे काळ शिरतो, आणि त्या काळात काहीही घडू शकते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, संसाधन सोडण्याची जबाबदारी प्रोग्रॅमकाराच्या स्मरणशक्तीवरून काढून प्रोग्रॅमच्या रचनेवर सोपविण्याचे कार्य समकालिक जगात बरेचसे सिद्धीस गेले होते. असमकालिकतेने ते विस्कटले, आणि ते पुन्हा उभे करताना 'सोडणे' ही क्रिया वाटते तितकी साधी नाही, हे प्रथमच स्पष्ट झाले.

रेल्वेच्या खांबापासून आरंभ

या इतिहासाचा आरंभ नेदरलँड्समध्ये सापडतो. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात 'सेमाफोर' ही संकल्पना मांडली. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वरखाली होणारा सिग्नल. त्यावर करावयाच्या दोन क्रियांना त्यांनी 'पी' आणि 'व्ही' अशी एकाक्षरी नावे दिली. त्यांच्या या विषयावरील सर्वांत जुन्या डच टिपणात 'पी'चा अर्थ 'पार होणे' असा, तर 'व्ही'चा अर्थ 'मुक्त करणे' असा दिलेला आहे. पुढे 'व्ही'चा संबंध 'वाढविणे' या अर्थाच्या डच शब्दाशी जोडला गेला आणि पाठ्यपुस्तकांत तोच रूढ झाला. मूळ अर्थ मागे पडला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु समवर्ती प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच साधनात 'मुक्ती' हा शब्द होता आणि पुढे तो एका अंकगणिती क्रियेच्या नावाआड गेला, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविण्याजोगे आहे.

डायक्स्ट्रा यांच्या १९६५ च्या सहकारी प्रक्रियांवरील प्रबंधात परस्परांच्या हातातील वस्तूची वाट पाहात दोन प्रक्रिया कायमच्या अडकून पडण्याच्या स्थितीचे विवेचन आहे आणि ती टाळण्यासाठी सुचविलेली सावकाराची पद्धतीही आहे. कर्ज देण्यापूर्वी सर्व ऋणको आपापली कामे पुरी करून पैसे परत करू शकतील असा निदान एक तरी क्रम आहे का, हे सावकार तपासतो. आपल्याकडील कार्यप्रणालीच्या अभ्यासक्रमांत ही पद्धत हमखास परीक्षेला येणारे उदाहरण होऊन बसली आहे. ऋणको कर्ज फेडणारच, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. त्या गृहीतकावर मात्र प्रश्न विचारला जात नाही. कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी १९७१ मध्ये अशा कोंडीच्या चार आवश्यक अटी मांडल्या. घेतलेली वस्तू धारकाकडून बळाने काढून घेता येत नाही, ही त्यांपैकी एक. ही अट पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

सेमाफोरची अडचण अशी की, 'पी' आणि 'व्ही' या दोन सुट्या आज्ञा होत्या. पहिली लिहिणाऱ्याने दुसरी लिहिलीच पाहिजे, असे भाषेत कोठेही बंधन नव्हते. पेर ब्रिंक हान्सेन यांनी १९७३ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९७४ मध्ये विशद केलेल्या 'मॉनिटर' या रचनेने ही उणीव भरून काढली. सामायिक माहिती आणि तिच्यावरील क्रिया एका आवारात ठेवावयाच्या. आवारात शिरताना कुलूप आपोआप लागावे आणि बाहेर पडताना आपोआप निघावे. अशा प्रकारे घेणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया एकाच चौकटीच्या दोन कडा झाल्या.

उशिरा झालेली मुक्ती

संसाधन अखेरीस मुक्त होते, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही. नासाचे 'मार्स पाथफाइंडर' यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. हवामानविषयक निरीक्षणे सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच यानावरील संगणक वारंवार स्वतःला नव्याने सुरू करू लागला. यानावरील माहितीवाहिनीची व्यवस्था पाहणारे कार्य उच्च अग्रक्रमाचे, तर हवामानाची निरीक्षणे गोळा करणारे कार्य कनिष्ठ अग्रक्रमाचे होते. कनिष्ठ कार्याने एक सामायिक कुलूप घेतले. ते सोडण्यापूर्वीच मध्यम अग्रक्रमाच्या कार्यांनी त्याला बाजूस सारून प्रक्रियकाचा ताबा घेतला. ज्येष्ठ कार्य कुलपाची वाट पाहात राहिले. कुलूप ज्याच्या हाती, त्याला ते सोडण्याइतकाही अवसर मिळेना. ठरलेल्या वेळेत वाहिनीचे काम पुरे झाले नाही, हे पाहून रक्षक-यंत्रणेने संपूर्ण संगणकच नव्याने सुरू केला.

यावरील उपाय सिद्धान्तरूपाने आधीच उपलब्ध होता. लुइ शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोच्की यांनी १९९० मध्ये अग्रक्रमाच्या वारशाची पद्धत सविस्तर मांडली होती. ज्याच्या हाती कुलूप आहे, त्याला वाट पाहणाऱ्यांपैकी सर्वोच्च अग्रक्रम तात्पुरता बहाल करावयाचा, म्हणजे ते लवकर मोकळे होईल. यानावरील 'व्हीएक्सवर्क्स' या कार्यप्रणालीत ही सोय होती, परंतु त्या विशिष्ट कुलपासाठी ती बंद होती. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर दोष पुन्हा घडवून आणून त्याचे निदान करण्यात आले आणि आवश्यक तो बदल यानाकडे पाठविण्यात आला. येथे प्रोग्रॅमकार काहीही विसरलेला नव्हता. मुक्तीची आज्ञा जागच्या जागी होती. तिच्यापर्यंत पोहोचावयास वेळ मिळाला नाही, इतकेच.

चौकटीचा विजय

मॉनिटरमधील कल्पना कुलपांपुरती न ठेवता सर्व संसाधनांना लागू करण्याचे श्रेय ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांच्याकडे जाते. १९७९ पासून बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी जी भाषा घडविली आणि जी पुढे सी प्लस प्लस या नावाने प्रसिद्ध झाली, तिच्यात वस्तू निर्माण होताना चालणारे आणि नष्ट होताना चालणारे असे दोन विधी होते. संसाधन पहिल्या विधीत घ्यावयाचे आणि दुसऱ्यात सोडावयाचे. चौकट कोणत्याही मार्गाने संपो, नेहमीच्या रीतीने वा मध्येच उद्भवलेल्या अपवादामुळे, नष्ट होण्याचा विधी चालणारच, आणि तोही निर्मितीच्या उलट क्रमाने. अगोदर घेतलेले शेवटी सुटते. म्हणून एकावर अवलंबून असलेले दुसरे कधी निराधार होत नाही.

दुसरा प्रवाह लिस्पचा होता. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या लेखापासून स्मृतीतील निरुपयोगी वस्तू आपोआप गोळा करण्याची पद्धत रूढ होऊ लागली, आणि जावाने १९९५ नंतर ती सर्वतोमुखी केली. स्मृतीबरोबर फाइली आणि जोडण्याही आपोआप सुटतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली. ती फोल होती. स्मृती कमी पडू लागली की ती गोळा करणारी यंत्रणा जागी होते. जोडण्या संपत आल्या तरी स्मृती विपुल असेल, तर तिला जाग येण्याचे कारण नाही. जावातील 'फायनलाइझ' हा विधी अखेर २०१७ मध्ये जावा ९ मध्ये त्याज्य ठरविण्यात आला. दरम्यान या भाषाही चौकटीकडेच वळल्या : २००२ मध्ये सी शार्पमधील 'युझिंग', २००६ मध्ये पायथन २.५ मधील 'विथ', २०११ मध्ये जावा ७ मधील संसाधनांसह येणारा 'ट्राय'. समकालिक प्रोग्रॅमपुरता प्रश्न येथे जवळपास मिटला होता.

बळाने थांबविण्याचा अनुभव

तत्पूर्वी घडलेल्या एका घटनेचा निर्देश येथे आवश्यक आहे, कारण असमकालिक काळातील वादाचे बीज तिच्यात आहे. जावाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत एका थ्रेडला दुसरा थ्रेड बाहेरून, कोणत्याही क्षणी थांबविता येत असे. थांबविलेल्या थ्रेडची सर्व कुलपे आपोआप निघत. वरकरणी ही आदर्श मुक्ती होय. परंतु कुलूप लावलेले असते ते आत काहीतरी अर्धवट अवस्थेत असते म्हणून. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे आणि दुसऱ्यात जमा व्हावयाची आहे, अशा क्षणी कुलूप निघाले, तर अर्धवट झालेला व्यवहार सर्वांना खरा म्हणून दिसू लागतो. १९९८ मध्ये जावा १.२ मध्ये ही सोय त्याज्य ठरविली गेली आणि त्यामागील कारणांचे सविस्तर टिपणही प्रसिद्ध करण्यात आले. कॉफमन यांच्या अटीतील 'बळाने काढून घेता येत नाही' हे कलम केवळ कोंडीचे कारण नसून माहितीच्या सुसंगतीचे कवचही आहे, हे यातून दिसून आले. तेव्हापासून बहुतेक भाषांनी थांबविण्याची आज्ञा न देता थांबण्याची विनंती करण्याचा मार्ग पत्करला.

काळाने फोडलेली चौकट

एका सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहकांना कसे सांभाळावे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ठळकपणे मांडला. प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड ठेवणे महाग पडत होते. पर्यायी मार्ग म्हणजे एकच थ्रेड आणि 'उत्तर आले की हे कर' अशा सूचनांची यादी. २००९ मध्ये रायन डाल यांनी सादर केलेल्या नोड जेएस या व्यवस्थेने ही शैली लोकप्रिय केली.

या शैलीत चौकट निरर्थक ठरते. फाइल उघडली, वाचनाची विनंती केली, उत्तर आल्यावर करावयाची सूचना नोंदविली आणि चौकट संपली. वाचन अद्याप सुरूही झालेले नाही. चौकटीच्या कडेवर फाइल बंद करावी, तर ती वाचनापूर्वीच बंद होते. सूचनेच्या आत करावी, तर सूचनेच्या प्रत्येक शाखेत, प्रत्येक चुकीच्या वाटेवर ती आठवणीने करावी लागते. म्हणजे सेमाफोरच्या सुट्या 'पी' आणि 'व्ही'चाच काळ परत आला. पंचवीस-तीस वर्षांची कमाई एका पिढीच्या हातून कशी निसटली, याचे उत्तर वेगाच्या आकर्षणात आहे. दोष एकट्या नोडचा मानणे मात्र अन्यायाचे होईल, कारण गरज खरी होती.

'असिंक' आणि 'अवेट' या शब्दांनी चौकट बाह्यतः परत आणली. २००७ मध्ये एफ शार्पमध्ये या कल्पनेचे पूर्वरूप आले, २०१२ मध्ये सी शार्प ५ मध्ये ती आजच्या रूपात स्थिरावली, २०१५ मध्ये पायथन ३.५ ने आणि २०१७ मध्ये जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथाने ती स्वीकारली. असमकालिक प्रोग्रॅम आता सरळ वाचता येऊ लागला. तरीही दिसणारी चौकट फसवी असू शकते. सी शार्पमध्ये 'युझिंग' चौकटीतून एखादे अपूर्ण कार्य 'अवेट' न करता तसेच परत केले, तर चौकट तत्क्षणी संपते, जोडणी बंद होते आणि कार्य नंतर त्या बंद जोडणीवर वाचन करू पाहते. एका शब्दाची उणीव, आणि दोष असा की, काम चटकन उरकले तर तो दिसतही नाही.

याहून खोल प्रश्न पुढेच होता. डेटाबेसची जोडणी नीट बंद करावयाची, तर समोरच्या पक्षाला निरोप पाठवावा लागतो आणि त्याच्या पोचपावतीची वाट पाहावी लागते. म्हणजे सोडणे हीच एक असमकालिक क्रिया आहे. पायथनने २०१५ मध्येच 'असिंक विथ' ही स्वतंत्र रचना दिली. सी शार्पला २०१९ पर्यंत, आठव्या आवृत्तीपर्यंत, थांबावे लागले. या बाबतीत पायथनच्या रचनाकारांची दूरदृष्टी मान्य करावी लागते.

रस्टचा धडा

रस्ट या भाषेचा प्रवास येथे विशेष बोधप्रद आहे. स्मृतिसुरक्षितता हे तिचे ब्रीद. मूळ थ्रेडच्या स्थानिक माहितीवर दुय्यम थ्रेडला काम करू देणारी एक सोय तिच्यात होती. मूळ थ्रेडच्या हाती एक पहारेकरी-वस्तू असे. ती नष्ट होताना दुय्यम थ्रेड संपण्याची वाट पाहिली जाई. सुरक्षिततेची सारी भिस्त त्या नष्ट होण्याच्या विधीवर होती. मे २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध होण्याच्या काही आठवडे आधी असे निदर्शनास आले की, परस्परांना धरून ठेवणाऱ्या वस्तूंच्या वर्तुळात तो पहारेकरी अडकविला, तर विधी कधीच चालत नाही. मूळ माहिती नष्ट होते आणि दुय्यम थ्रेड मात्र तिच्यावर लिहीत राहतो. सोय तातडीने मागे घेण्यात आली. विधी चालेलच असे गृहीत धरून सुरक्षितता उभारू नये, असा दंडक भाषेने स्वीकारला. ऑगस्ट २०२२ मध्ये, १.६३ या आवृत्तीत, ती सोय परतली ती निराळ्या रूपात : पहारेकरी प्रोग्रॅमकाराच्या हाती न देता संपूर्ण चौकटच ग्रंथसंग्रहाच्या ताब्यात ठेवली गेली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रस्टमध्ये 'असिंक-अवेट' स्थिर झाले तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. रस्टमधील असमकालिक कार्य टाकून दिले की ते रद्द होते. परंतु त्या वेळी चालणारा नष्ट होण्याचा विधी समकालिक असल्याने त्यात वाट पाहता येत नाही. त्याच वर्षी लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत 'आयओ यूरिंग' ही यंत्रणा आली. तिच्यात वाचनासाठी स्मृतीचा एक भाग कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे सुपूर्द केला जातो आणि गाभा सवडीने त्यात लिहितो. मध्येच कार्य रद्द होऊन तो भाग मुक्त झाला, तर गाभा आता दुसऱ्याच कोणाच्या मालकीच्या जागेत लिहितो. यावर काढलेला मार्ग म्हणजे त्या भागाची मालकीच काम संपेपर्यंत यंत्रणेकडे सोपविणे. संसाधन सोडण्याचा अधिकार मूळ धारकाला राहात नाही, तो ज्याचे काम चालू आहे त्याच्याकडे जातो.

चौकटीचे पुनरागमन

२०१६ मध्ये मार्टिन सूस्ट्रिक यांनी 'संरचित समवर्तिता' ही संज्ञा मांडली, आणि २०१८ मध्ये नॅथॅनियल स्मिथ यांनी पायथनमधील 'ट्रायो' या ग्रंथसंग्रहाच्या अनुषंगाने तिचे विस्तृत समर्थन केले. नियम साधा आहे : एका चौकटीत सुरू झालेली सर्व कार्ये संपल्याखेरीज ती चौकट संपणार नाही. स्मिथ यांनी कार्य सुरू करून त्याकडे पाठ फिरविणाऱ्या आज्ञेची तुलना 'गोटू' या आज्ञेशी केली. 'गोटू'विरुद्धचे १९६८ चे गाजलेले पत्र डायक्स्ट्रा यांचेच. सेमाफोरचा जनक आणि संरचित प्रोग्रॅमिंगचा पुरस्कर्ता ही एकच व्यक्ती होती. तिच्या कार्याच्या या दोन शाखा एकत्र येण्यास मात्र अर्धे शतक जावे लागले. कोटलिनने २०१८ मध्ये, स्विफ्टने २०२१ मध्ये आणि पायथनच्या प्रमाणित ग्रंथसंग्रहाने ३.११ या आवृत्तीद्वारे २०२२ मध्ये ही रचना स्वीकारली. जावात ती २०२२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०२५ च्या जावा २५ मध्येही पूर्वावलोकनाच्याच अवस्थेत होती.

चौकट सर्वांसाठी थांबणार, हे ठरले की रद्द करण्याच्या पद्धतीला कळीचे महत्त्व येते. कारण एक कार्य बिघडले, तर उर्वरितांना थांबवावे लागते. पायथनमध्ये रद्द करण्याचा संदेश अपवादाच्या रूपाने येतो. आरंभी तो सामान्य चुकांच्याच कुळातला होता. त्यामुळे 'कोणतीही चूक आली तरी नोंद करून पुढे जा' असे लिहिणारा प्रोग्रॅमकार थांबण्याची विनंतीही नकळत गिळून टाकीत असे. २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत त्या अपवादाचे कूळ बदलण्यात आले.

रद्द झालेल्या कार्याने आपली संसाधने सोडताना काय करावे, यावर मात्र भाषांचे एकमत नाही. कोटलिनमध्ये रद्द झालेल्या कार्याने अखेरच्या विधीत पुन्हा वाट पाहू म्हटले, तर तेथेही तत्काळ रद्दीकरणाचाच अपवाद उद्भवतो. म्हणून निरोपाचा संदेश पाठवावयाचा असेल, तर तेवढा भाग रद्दीकरणापासून मुक्त असल्याचे स्पष्टपणे जाहीर करावे लागते. ट्रायोमध्ये अशा भागाला संरक्षक कवच घालता येते आणि त्याच कवचाला मुदतही लावता येते. कवच नसेल, तर जोडणी निरोपाविना तुटते आणि समोरचा पक्ष ती जिवंत समजून आपल्याकडील जागा अडवून ठेवतो; कवचाला मुदत नसेल, तर मृत पक्षाच्या पोचपावतीची वाट पाहात संपूर्ण चौकट खोळंबते. ही मुदत किती सेकंदांची असावी, हे कोणतीही भाषा ठरवून देत नाही. तो आकडा अद्याप प्रोग्रॅमकारालाच लिहावा लागतो.